महोत्सवाआधी मंडळात जागा करा : धर्मप्रेरित सेवासंस्थांच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील धर्मप्रेरित समाजसेवी संस्थांचे विश्वस्त
आणि त्यांच्या महोत्सव समित्यांचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी कुणाच्या संस्थेला यंदा पंचवीस वर्षे होत आहेत, कुणाच्या पन्नास, कुणाच्या पंचाहत्तर. काही संस्था शंभरीच्या उंबरठ्यावर आहेत. समित्या नेमून झाल्या असतील. सभागृह ठरले असेल, स्मरणिकेच्या जाहिरातींसाठी माणसे बाहेर पडली असतील, पाहुण्यांची तारीख मिळेना म्हणून कार्यक्रम एकदा पुढेही गेला असेल. हे सगळे जरूर करावे. कुणीतरी देवाचे नाव घेऊन दुसऱ्याच्या दुःखात उतरते, पदरमोड करून शाळा, वसतिगृह, दवाखाना उभा करते आणि ते काम दोन-तीन पिढ्या टिकते, ही आनंद करण्याचीच गोष्ट आहे. मी अशाच एका संस्थेच्या वसतिगृहात उमेदीची वर्षे काम केले. माणसांवर विश्वास ठेवायला मी तिथे शिकले. हे पत्र घरातल्या माणसाने लिहिले आहे, असे समजून वाचावे.

मागणी एकच आहे. ज्यांच्यासाठी संस्था निघाली, त्या माणसांना महोत्सवाच्या या वर्षात विश्वस्त मंडळावर घ्या. निमंत्रित सदस्य, सल्लागार असल्या जागा मी मागत नाही. मत देता येईल, हिशोबपत्रकावर सही करता येईल, ठराव मांडता आणि पाडता येईल अशा जागा द्या, निदान एक-तृतीयांश. आणि त्या कार्यक्रमाआधी द्या.

ही मागणी आजची नाही, शंभर वर्षांहून जुनी आहे. तिचा इतिहास सांगितल्याशिवाय तिचे वजन कळणार नाही.

१८ ऑक्टोबर २०२६ रोजी ‘भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी’च्या स्थापनेला १२० वर्षे पूर्ण होतील. डिप्रेस्ड क्लासेस मिशन म्हणून ती जास्त ओळखली गेली. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी ती काढली तेव्हा ते मुंबईच्या प्रार्थना समाजाचे प्रचारक होते. जमखंडीच्या वारकरी वळणाच्या घरात वाढलेले, फर्ग्युसनमधून पदवी घेतलेले, १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आलेले. उपासना चालवायच्या, व्याख्याने द्यायची, गावोगावच्या समाजांना भेटी द्यायच्या, एवढ्यावर त्यांची नोकरी निभावली असती. पण नगरजवळ भिंगारला अस्पृश्य मंडळींनी रात्री भरवलेल्या सभेला ते गेले आणि तिथे ऐकलेल्या गाऱ्हाण्यांनी त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. आधी माणसांनी बोलावले, मग संस्था निघाली. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या स्मरणिकांत गोष्ट बहुधा उलटी सांगितलेली असते : संस्थापकांना कळवळा आला आणि ते वस्तीत गेले.

मंडळीची पहिली शाळा परळला उघडली. अध्यक्ष होते न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर, आणि शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी आरंभीच १,००० रुपये दिले होते. हेतू चार ठरले : अस्पृश्य वर्गात शिक्षणाचा प्रसार करणे, नोकऱ्या मिळवून देणे, सामाजिक अडचणी दूर करणे आणि सार्वत्रिक धर्म, शील व नागरिकत्व यांचा प्रसार करणे. धर्मप्रचारकाने काढलेली संस्था, पण धर्म शेवटच्या ओळीत आणि शाळा, नोकरी आधी. जनाबाई, म्हणजे शिंद्यांची बहीण जनाक्का, याच कामात उतरल्या. ज्या वर्गाची सावली टाळली जाई, त्याच्या मुलांमध्ये प्रचारकाचे घर वावरू लागले. पुढे पुणे, हुबळी, मंगळूर अशा ठिकाणी शाखा निघाल्या. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी २०,००० रुपये दिले आणि पुण्यात नाना पेठेतला अहल्याश्रम उभा राहिला. १९१० साली शिंद्यांनी प्रार्थना समाजाचे प्रचारकपद सोडले. मंडळीचे काम मात्र सोडले नाही. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्धचा ठराव आला, त्यामागे त्यांचीच खटपट होती.

इथपर्यंतचा इतिहास कुठल्याही स्मरणिकेत शोभेल. मला त्यापुढचा सांगायचा आहे.

ब्रिटिश सरकारच्या नव्या राजकीय सुधारणांनुसार कायदेमंडळात अस्पृश्यांचे प्रतिनिधी जाणार होते. त्यांना निवडायचे कुणी, हा प्रश्न आला. मंडळीच्या बाजूची सूचना अशी होती की कायदेमंडळाच्या सभासदांनी त्यांची निवड करावी. मे १९२० मध्ये शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपूरला अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. तिथे तरुण भीमराव आंबेडकरांनी या सूचनेला कडाडून विरोध केला आणि परिषदेने सूचनेच्या विरोधात कौल दिला. चौदा वर्षे शाळा चालवणाऱ्या, वसतिगृहे काढणाऱ्या संस्थेला तिच्याच माणसांनी सांगितले की आमच्या वतीने तुम्ही बोलू नका. शिंद्यांच्या निष्ठेबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती, आणि तरीही ते सांगणे रास्त होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे आपण विश्वस्तांनी मनापासून मान्य करावे, एवढ्यासाठी मी हा प्रसंग लिहिते आहे.

पुढे मंडळीचा कारभार अस्पृश्य समाजातल्याच नेत्यांनी पाहावा, अशी मागणी आतूनच आली आणि १९२३ साली शिंद्यांनी सूत्रे खाली ठेवली. स्वतः जन्माला घातलेले काम असे सोडताना त्यांना यातना झाल्या असतील. त्यांचे कार्य मी लहानपणापासून ऐकत आले, त्यांच्या तसबिरीला हार घालणारे अनेक समारंभ पाहिले, पण त्यांनी खुर्ची सोडली या गोष्टीचा गौरव करणारे भाषण मला कुठे ऐकायला मिळाले नाही. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातले ते सर्वांत धार्मिक कृत्य आहे. शाळा काढायला करुणा पुरते. आपण काढलेली शाळा ज्यांची आहे त्यांच्या हाती द्यायला त्याहून मोठी श्रद्धा लागते.

वर्षभरात, २० जुलै १९२४ रोजी, बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या अध्यक्षपदी सर चिमणलाल सेटलवाड होते. बाहेरच्या प्रतिष्ठितांना तिने दूर ठेवले नाही. पण व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते, आणि चिटणीस व खजिनदारही बहिष्कृत समाजातलेच. मान पाहुण्यांना, कारभार आपल्याकडे. आपल्या आजच्या संस्थांमध्ये हे बरोबर उलटे आहे. कारभार पाहुण्यांकडे असतो आणि ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांचा मान शाल-श्रीफळ देऊन केला जातो, तोही वर्षातून एकदा.

एका सुवर्णमहोत्सवात जे पाहिले ते सांगते. संस्थेचे नाव सांगत नाही, कारण हे कुठेही घडले असते. वसतिगृहातल्या नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला मनोगतासाठी निवडले होते. हुशार, धीट मुलगी. तिच्या हातात भाषण आले ते दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात. आधी घरची परिस्थिती, मग संस्थेने दिलेला आधार, मग सात जणांची नावे घेऊन आभार. वेळ तीन मिनिटे. वडिलांच्या व्यसनाचा उल्लेख त्यात होता. तो वगळू का, असे तिने विचारले, तर त्याने भाषणाला उठाव येतो, असे उत्तर मिळाले. तिला स्वतःला सांगायचे होते ते वेगळेच. मुलींच्या तीन बाथरूमपैकी दोनच्या दारांना आतून कडी नव्हती. मुली जोडीने जात. एकीने बाहेर दार धरून उभे राहायचे. हे तिने वर्षभरात अनेकदा लेखी दिले होते. अर्ज अधीक्षकांकडून कार्यालयात जायचा आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत यायचा राहून जायचा. त्या दिवशी व्यासपीठावर मागे लावलेल्या मोठ्या फलकावर ‘सेवा, समता, सन्मान’ असे लिहिलेले होते. तिने दिलेले भाषण वाचले, टाळ्या झाल्या, पाहुण्यांचे डोळे पाणावले. विश्वस्तांपैकी कुणी वाईट नव्हते. दोघे तर दरमहा स्वतःच्या निवृत्तिवेतनातून संस्थेला पैसे देत होते. पण त्यांच्यापैकी कुणाची मुलगी त्या वसतिगृहात राहत नव्हती. वसतिगृहातल्या एका मुलीची आई मंडळावर असती, तर कडीचा प्रश्न पहिल्याच बैठकीत संपला असता.

अन्याय होतो तो बहुतेक वेळा असा. कुणाच्या मनात दुष्टावा नसतो. निर्णय घेणाऱ्याला निर्णयाचा चटका बसत नाही, एवढेच असते. जगभरच्या अन्यायाविरुद्ध आपण हीच तक्रार करतो. गावच्या पाण्याचा निर्णय पाणवठ्यावर न जाणारे घेतात, जंगलाचा निर्णय जंगलात न राहणारे घेतात, असे आपल्याच मोर्च्यांमध्ये आपण म्हणत आलो. मग आपल्या बैठकीच्या खोलीला हा नियम का लागू नसावा?

मला उत्तरे ठाऊक आहेत. पहिले उत्तर अनुभवाचे. वस्तीतल्या माणसांना ताळेबंद कळत नाही, कायदा कळत नाही, ते सहज कुणाच्याही सांगण्याला बळी पडतील. यावर माझे म्हणणे असे की ज्या बाया बचत गटाचे कर्जवाटप वर्षानुवर्षे सांभाळतात, हप्ता चुकवणारीच्या दारात जाऊन तो वसूल करतात आणि बँकेत स्वतः उभ्या राहतात, त्यांना जमाखर्च शिकवायला एक महिना पुरेल. आपल्यातल्या कितीजणांना विश्वस्त होण्याआधी ताळेबंद वाचता येत होता? डॉक्टर म्हणून, वकील म्हणून, देणगीदार म्हणून आपण आलो आणि इथेच शिकलो. आणि हे उत्तर शिक्षणसंस्थांनी द्यावे याचे तर मला फार वाईट वाटते. तीन पिढ्या आपण शिकवले त्यांच्यात मंडळावर बसण्यासारखे कुणी सापडत नसेल, तर महोत्सव कशाचा करायचा?

दुसरे उत्तर घटनेचे. आमच्या घटनेत तशी तरतूद नाही, संस्थापकांनी जागा ठरवून ठेवल्या आहेत. घटना बदलता येते. आपल्या बहुतेक संस्था संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्ही कायद्यांखाली नोंदलेल्या आहेत. सर्वसाधारण सभेची रीतसर नोटीस काढायची, ठराव करायचा, आणि विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करायचा. हे काम किचकट आहे हे मान्य; तारखा पडतात, वकील लागतो. पण एखादा विश्वस्त वारला आणि त्याच्या जागी त्याचा मुलगा घ्यायचा असला, तर हेच सगळे आपण विनातक्रार करतो.

तिसरे उत्तर श्रद्धेचे, आणि ते मी सर्वांत गंभीरपणे घेते. संस्था धर्माच्या पायावर उभी आहे. बाहेरची माणसे आली, वेगळ्या पंथाची, वेगळ्या धर्माची किंवा देव न मानणारी आली, तर पायाच हलेल, ही भीती. ती खोटी नाही. उपासना, प्रार्थना, सणवार यांनी संस्थेला एक आतला धागा दिलेला असतो आणि तो तुटला तर कामाचा नुसता प्रकल्प होऊन बसतो. हे मीही पाहिले आहे. पण आपल्या संतांनी देव कुठे दाखवला? चोखोबांची समाधी पंढरीच्या महाद्वारासमोर आहे, आत नाही. सातशे वर्षे आपण तिच्यावर माथा टेकवून आत गेलो, आणि त्यांच्या जातीच्या माणसांना आत जाता यावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. तेव्हाही धर्म बुडेल असेच सांगितले जात होते. दार उघडले, वारी चालूच आहे, वाढते आहे. आपल्या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर चोखोबांचा अभंग छापायचा आणि मंडळाच्या यादीत त्यांच्या वंशजांचे एकही नाव नसायचे, याने श्रद्धा कशी राखली जाते ते मला समजत नाही.

गाडगेबाबांचे उदाहरण द्यायलाच हवे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी लोकांकडून पै-पैसा मागून बांधली. १९४९ साली ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. गाडगेबाबा रात्रभर कीर्तनात देवाचे नाव गाणारे, डॉ. आंबेडकर सात वर्षांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेणार होते. वास्तू ज्या समाजासाठी बांधली होती त्याच्या शिक्षणाच्या कामी येईल, एवढे बाबांना पुरले.

मंडळावर कुणाला घ्यायचे, याबद्दलही एक सांगायला हवे. आपल्या शब्दाबाहेर न जाणारे, आयुष्यभर ‘साहेब म्हणतील तसे’ म्हणणारे एखादे म्हातारे गृहस्थ निवडायचे आणि प्रतिनिधित्व दिले म्हणायचे, हे करू नका. वसतिगृहाच्या पालकांनी, बचत गटांच्या बायांनी, दवाखान्यात येणाऱ्या वस्तीने, शाळेतून शिकून गेलेल्या मुलामुलींनी आपापल्यातून माणसे निवडून पाठवावीत. निवडून आलेल्यांत एखादी भांडखोर बाई असेल. तिला येऊ द्या. बैठकीच्या दिवशी तिची मजुरी बुडते, तेव्हा तेवढा भत्ता द्या, आणि बैठक संध्याकाळी ठेवा. कागदपत्रे मराठीत, आठ दिवस आधी पोहोचवा. दुपारी दोनला इंग्रजी अहवाल हातात देऊन ‘कुणाला काही विचारायचे आहे का’ म्हटले, तर कुणीच काही विचारणार नाही.

कर्मचाऱ्यांचा विषय वेगळ्या पत्राचा आहे, पण इथे वगळता येत नाही. स्वयंपाकघरातल्या मावशी, सफाई करणारा दादा, रात्रपाळीचे पहारेकरी, बालवाडीच्या ताई. यांतले अनेकजण वर्षानुवर्षे मानधनावर आहेत. नेमणूकपत्र नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा मागितली की सेवाभावाची आठवण करून दिली जाते. सेवाभाव विश्वस्तांनी दाखवावा, त्यांना घरी दुसरे उत्पन्न आहे. ज्या बाईचा संसार या कामावर चालतो, तिला पगार हवा. भर व्यासपीठावर तिला साडी-चोळी देण्याआधी तिचे नेमणूकपत्र तयार करा. मंडळावर पालक आणि कर्मचारी आले तर हा प्रश्न आपोआप पटलावर येईल, आणि काही विश्वस्तांना हा बदल नको वाटतो त्याचे हेही एक कारण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्मरणिकेबद्दल थोडेसे. मंत्र्यांच्या शुभेच्छांना आठ पाने जातात, तिथे दोन पाने न जमलेल्या कामांना द्या. कोणती शाळा बंद पडली आणि का, कोणत्या गावाने आपल्याला परत पाठवले, कोणता कार्यकर्ता रागावून गेला आणि तो काय म्हणत होता. संस्था सोडून गेलेल्यांना लिहायला सांगा. शिंद्यांच्या मंडळीचा इतिहास १९२० आणि १९२३ गाळून लिहिला तर तो गोड होतो, पण त्यातून पुढच्या कुणाला काही शिकता येत नाही.

आता व्यवहाराचे. आपल्या महोत्सवाला सहा महिने असतील तर वेळ पुरेसा आहे. पहिल्या महिन्यात सर्वसाधारण सभेची नोटीस निघू शकते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पालकांच्या, गटांच्या, माजी विद्यार्थ्यांच्या बैठका होऊन त्यांची माणसे निवडली जाऊ शकतात. ठराव झाला की चेंज रिपोर्ट दाखल करा. मंजुरीला वेळ लागेल, पण दाखल केल्याचा क्रमांक कार्यक्रमाआधी हातात असेल. निमंत्रणपत्रिकेवर नव्या विश्वस्तांची नावे इतर विश्वस्तांच्या बरोबरीने, त्याच अक्षरात छापा. आणि मनोगताला उभे राहणाऱ्यांना भाषण लिहून देऊ नका.

हे पत्र आपल्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवावे आणि त्यावर ठराव घ्यावा, अशी विनंती आहे. ठराव नकाराचा झाला तर कारणे लिहून काढा आणि ती संस्थेच्या वसतिगृहात, शाळेत, दवाखान्यात सगळ्यांना वाचता येतील अशी लावा. ज्यांना आपण नकार देतो आहोत, त्यांना तो आपल्या सहीनिशी वाचायला मिळाला पाहिजे.

आपली,
वसतिगृहातली एक जुनी कार्यकर्ती